नवीन कार घेताय? पासिंगच्या आधी 'पीडीआय' का करावं आणि त्यात काय काय तपासावं?

पाडवा, अक्षय्य तृतीया किंवा दसरा जवळ आला की कारच्या शोरूममध्ये एकच गर्दी होते. गाडीवरचं कापड ओढलं जातं, नारळ फुटतो, भल्यामोठ्या नकली किल्लीसोबत फोटो निघतात आणि तासाभरात गाडी घराच्या रस्त्याला लागते. रील अपलोड होईपर्यंत सगळं छान असतं. मग एखाद्या दिवशी उन्हात गाडी पुसताना दरवाज्याचा रंग बाजूच्या पत्र्यापेक्षा वेगळा वाटतो. किंवा टायरवरची तारीख वाचल्यावर कळतं की टायर गाडीच्याही आधीचे, वर्षभर जुने आहेत.

अशा वेळी शोरूममध्ये फोन केला तर ठरलेलं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त असते: "सर, गाडी पास झाली आहे. आता बदलून मिळणार नाही, वॉरंटीत दुरुस्त करून देतो."

हे टाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे पीडीआय. पण ते नेमकं कधी करायचं, इथेच बहुतेक ग्राहकांची गल्लत होते.

पीडीआय म्हणजे काय?

पीडीआय म्हणजे प्री-डिलिव्हरी इन्स्पेक्शन, अर्थात गाडी ताब्यात घेण्याआधीची तपासणी.

ही तपासणी दोन पातळ्यांवर होते. पहिली तपासणी डीलरचं वर्कशॉप करतं. कारखान्यातून ट्रेलरवर आलेली गाडी उतरवून तिची बॅटरी, ऑइल, टायरमधली हवा, दिवे आणि सॉफ्टवेअर तपासलं जातं. दुसरी तपासणी ग्राहकाने स्वतः करायची असते. डीलरने पहिली केली म्हणून दुसरीची गरज संपत नाही. कारखान्यातून निघालेली गाडी ट्रेलरवर चढते, उतरते, महिनोन्‌महिने उघड्या यार्डात उभी राहते आणि तिथून शोरूमपर्यंत चालवत आणली जाते. या प्रवासात ओरखडा, डेंट किंवा उंदराने कुरतडलेली वायर अशी कोणतीही गोष्ट होऊ शकते.

डिलिव्हरीच्या दिवशी तपासलं तर चालणार नाही का?

तोवर उशीर झालेला असतो. कारण कायद्यानुसार पासिंग आधी होतं आणि गाडी नंतर मिळते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानंतर, गाडीची नोंदणी डीलरच्याच राज्यात होणार असेल तर नोंदणीचा अर्ज डीलरने करायचा असतो आणि नंबर प्लेट लागल्याशिवाय गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची नसते. म्हणजे डिलिव्हरीच्या दिवशी तुम्ही हार घेऊन शोरूममध्ये पोहोचता, तेव्हा गाडी कागदोपत्री तुमची झालेली असते. बिल फाटलेलं असतं, विमा सुरू झालेला असतो, रोड टॅक्स भरलेला असतो.

हा टॅक्स किरकोळ नसतो. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल कारला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के कर लागतो. डिझेलसाठी हेच दर १३, १४ आणि १५ टक्के आहेत. १६ लाखांच्या पेट्रोल कारवर साधारण १ लाख ९२ हजार रुपये झाले. महागड्या गाड्यांसाठी या कराची कमाल मर्यादा २० लाख रुपये होती, ती १ जुलै २०२५ पासून ३० लाख रुपये झाली.

एकदा नोंदणी झाली की ती गाडी दुसऱ्या ग्राहकाला 'नवी' म्हणून विकता येत नाही. ती सेकंड हँड ठरते. त्यामुळे पासिंगआधी डीलर दुसरी गाडी द्यायला तयार होऊ शकतो, पण पासिंगनंतर तोच डीलर फक्त दुरुस्तीची भाषा बोलतो.

कोर्टात गेलं तरी गाडी बदलून मिळणं सोपं नसतं. २००६ मध्ये मारुती उद्योगशी संबंधित एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश रद्द केला होता. सदोष भाग बदलून काम होत असेल तर पूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

ग्राहकाला आधी गाडी पाहण्याचा हक्क आहे का?

आहे. वस्तू विक्री कायदा, १९३० च्या कलम ४१ नुसार ग्राहकाने मागणी केली तर माल कराराप्रमाणे आहे की नाही हे तपासण्याची वाजवी संधी विक्रेत्याने द्यायला हवी. कारही यात येते.

तरीही ही गोष्ट बुकिंगच्या वेळीच बोलून घेतलेली बरी. 'चॅसिस नंबर मिळाल्यावर आणि रजिस्ट्रेशनआधी मी गाडी तपासणार आहे' एवढं एक वाक्य ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून त्याला होकार घ्यावा. क्रम साधारण असा ठेवावा: बुकिंग, चॅसिस नंबर, पीडीआय, उरलेले पैसे, विमा, टॅक्स आणि नोंदणी, नंबर प्लेट, डिलिव्हरी. काही डीलर पूर्ण पैसे भरल्याशिवाय गाडी ठरवून देत नाहीत. तसं असेल तर पैसे भरले तरी पीडीआय होईपर्यंत पासिंग करायचं नाही, हे लेखी घ्यावं.

मुहूर्त साधायचा असेल तर तो डिलिव्हरीसाठी साधावा. तपासणी त्याआधी पाच-सहा दिवस, कामाच्या दिवशी, सकाळच्या उजेडात करावी. शोरूमच्या झगमगाटात किंवा संध्याकाळी ओरखडे दिसत नाहीत. गाडी नुकतीच धुतलेली आणि ओली असेल तर ती आधी वाळू द्यावी, पाण्याखाली बारीक चरे लपतात.

सुरुवात चॅसिस नंबरपासून

चॅसिस नंबर १७ अक्षर-अंकांचा असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. हा नंबर गाडीच्या पत्र्यावर कोरलेला असतो आणि दरवाज्याजवळच्या स्टिकरवरही असतो. दोन्ही जागचा नंबर आणि डीलरने दिलेल्या कागदावरचा नंबर एकच आहे का, ते एकेक अक्षर वाचून पाहावं आणि फोटो काढून ठेवावा. पुढे कागदावर दुसराच नंबर आला तर तपासलेली गाडी एक आणि पास झालेली दुसरी, असा घोळ तिथेच पकडता येतो.

याच नंबरमध्ये गाडीचं वय दडलेलं असतं. बऱ्याच कंपन्या दहाव्या जागी वर्षाचं अक्षर वापरतात: २०२४ साठी आर, २०२५ साठी एस, २०२६ साठी टी. महिना कुठल्या जागी असतो हे कंपनीनुसार बदलतं. बाहेरून आयात झालेल्या गाड्यांमध्ये दहावं अक्षर कधी उत्पादनाचं नव्हे, तर मॉडेलचं वर्ष दाखवतं. म्हणून सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे फॉर्म २१, म्हणजेच विक्रीचं प्रमाणपत्र. त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष लिहिलेलं असतं. पीडीआयच्या दिवशी त्याचा मसुदा मागून घ्यावा.

वयाचा हिशेब जानेवारीत जास्त महत्त्वाचा ठरतो. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी जानेवारीत घेतली तरी पुढे विकताना ती आधीच्या वर्षाची धरली जाते. अशी गाडी घेण्यात चूक नाही, पण मग सूटही तशी मिळायला हवी.

मीटरवर किती किलोमीटर चालतील?

नवी गाडी शून्य किलोमीटरची नसते. यार्ड ते शोरूम या प्रवासात काही किलोमीटर होतातच. आकडा १०० च्या पुढे असेल तर कारण विचारावं. गाडी टेस्ट ड्राइव्हला वापरली गेली होती का, की दुसऱ्या शहरातून चालवत आणली, हे डीलरने सांगायला हवं. पीडीआयच्या वेळी मीटरचा फोटो काढावा आणि डिलिव्हरीच्या दिवशी आकडा पुन्हा पाहावा.

रंग आणि पत्रा कसा पाहायचा?

गाडीभोवती एक फेरी दोन-तीन मीटरवरून मारावी आणि दुसरी अगदी जवळून. प्रत्येक पत्र्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं की डेंट दिसतो. त्या पत्र्यावर उमटलेलं झाडाचं किंवा इमारतीचं प्रतिबिंब एका जागी वाकडं झालं, तर तिथे काहीतरी झालेलं आहे.

यानंतर सांधे पाहावेत. बॉनेट आणि फेंडर, दरवाजा आणि खांब, डिकी आणि बंपर यांमधली फट डाव्या आणि उजव्या बाजूला सारखी हवी. बॉनेट उघडून बिजागरीचे आणि फेंडरचे बोल्ट बघावेत. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल किंवा पाना लावल्याच्या खुणा असतील तर तो भाग कधीतरी उघडला गेला आहे. त्याचं उत्तर साधंही असू शकतं, पण ते मिळायला हवं.

दुरुस्त केलेली गाडी ओळखण्याच्या आणखी काही खुणा:

– रबर बिडिंगच्या कडेला किंवा दिव्याच्या काठावर रंगाचे बारीक शिंतोडे
– हात फिरवल्यावर एखादाच पत्रा खरखरीत लागणं
– एका काचेवरचा कंपनीचा छाप किंवा वर्षाचा संकेत बाकी काचांपेक्षा वेगळा असणं
– हेडलाइटच्या आत पाण्याचे थेंब साचलेले असणं

शंका असेल तर पेंटची जाडी मोजणारं यंत्र वापरता येतं. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन जाडीचा असतो. बाकी पत्र्यांवर १२० च्या आसपास आकडा आणि एकाच दरवाज्यावर ३०० आला, तर तो दरवाजा पुन्हा रंगवला असण्याची शक्यता मोठी असते. प्लास्टिकच्या बंपरवर हे यंत्र चालत नाही.

ब्रेक डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नये. पाऊस किंवा दमट हवेत तो एका रात्रीत धरतो आणि चार-सहा वेळा ब्रेक दाबले की जातो. मात्र गाडीच्या खालच्या पत्र्यावर किंवा सीटच्या रुळांवर गंज असेल तर गाडी पाण्यात उभी होती का, हा प्रश्न विचारायलाच हवा. गालिचा उचलून ओल आणि कुबट वासही तपासावा.

टायर आणि बॅटरी काय सांगतात?

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे महत्त्वाचे. '१८२५' म्हणजे २०२५ सालचा १८ वा आठवडा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे आणि गाडीच्या उत्पादनाच्या महिन्याच्या आसपासचे हवेत. दोन-चार महिन्यांचा फरक सामान्य आहे. टायर गाडी बनल्यानंतरचा असेल तर तो बदलला गेला आहे हे उघड आहे. स्टेपनीचा कोडही वाचावा.

यार्डात फार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी आधी मान टाकते. साध्या मल्टिमीटरने बंद गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीचा दाब मोजता येतो. साधारण १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली आहे. १२.४ च्या खाली असेल तर ती चार्ज करून पुन्हा तपासायला सांगावं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी जमलेली नसावी.

आत बसल्यावर

गाडी सुरू केल्यावर डॅशबोर्डवरचे इशाऱ्याचे दिवे लागून विझले पाहिजेत. एखादा दिवा पेटलेलाच राहिला तर 'डिलिव्हरीपर्यंत जाईल' या उत्तरावर समाधान मानू नये. मग सगळी बटणं एकदा दाबून पाहावीत: चारही काचा, आरसे, वायपर, हॉर्न, सगळे दिवे, एसीचा प्रत्येक वेग, सनरूफ, कॅमेरा, सेन्सर, ब्लूटूथ, सगळे स्पीकर, सगळे चार्जिंग पॉइंट. सीट बेल्ट पूर्ण ओढून सोडावेत, ते सहज परत गेले पाहिजेत.

त्यानंतर तुम्ही बुक केलेलं व्हेरियंट हेच आहे का, हे माहितीपत्रक समोर ठेवून पाहावं. नावाचा बिल्ला डिकीवर चिकटवता येतो, एअरबॅग चिकटवता येत नाहीत.

नोंदणी न झालेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर डीलरच्या ट्रेड सर्टिफिकेटवरच नेता येते. म्हणून चालवून पाहणं बहुतेक वेळा यार्डापुरतं असतं. तेवढ्यातही स्टीअरिंग सरळ आहे का, ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, रिव्हर्स गिअर सहज पडतो का आणि कुठून खडखड येते का, हे कळतं.

स्पोर्ट्स कार असेल तर वेगळं काय?

वर सांगितलेलं सगळं स्पोर्ट्स कारलाही लागू आहे. त्यात काही गोष्टी वाढतात.

पहिली गोष्ट ऑप्शनची. या गाड्या ग्राहकाच्या पसंतीप्रमाणे बनवून येतात आणि एकेका ऑप्शनची किंमत लाखांत असते. सीट, चाकं, ब्रेक, एक्झॉस्ट, शिलाईच्या धाग्याचा रंग या सगळ्यांची ऑर्डरच्या यादीशी एकेक करून जुळणी करावी.

दुसरी गोष्ट टायर. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. ९९२ पिढीच्या पोर्शे ९११ करेराला पुढे २३५ मिलिमीटर रुंदीचे १९ इंची आणि मागे २९५ मिलिमीटरचे २० इंची टायर येतात. त्यामुळे चारही आकार सारखे नाहीत म्हणून गोंधळू नये. मात्र त्या कंपनीने मान्य केलेल्या टायरची खूण त्यावर हवी. पोर्शेसाठी एन आणि त्यापुढे आकडा, बीएमडब्ल्यूसाठी चांदणी, मर्सिडीजसाठी एमओ अशा या खुणा असतात.

तिसरी गोष्ट वाहतुकीसाठी केलेल्या तात्पुरत्या बदलांची. जहाजावर आणि ट्रेलरवर खाली टेकू नये म्हणून काही गाड्यांच्या स्प्रिंगमध्ये ठोकळे बसवलेले असतात. टायर एका जागी चपटे होऊ नयेत म्हणून हवाही जास्त भरलेली असते. हे ठोकळे काढले का आणि हवा योग्य दाबावर आणली का, हे वर्कशॉपच्या सहीच्या यादीवर पाहावं. ते राहून गेलं तर गाडी विनाकारण कडक चालते आणि ग्राहकाला वाटतं, स्पोर्ट्स कार अशीच असते.

चौथी गोष्ट आपल्या रस्त्यांची. गाडीत पुढचा भाग वर उचलणारी यंत्रणा घेतली असेल तर ती तिथेच चालवून पाहावी. पहिल्याच सोसायटीच्या स्पीड ब्रेकरवर तिची गरज पडते. बंपरच्या खालच्या ओठाला खरवडल्याच्या खुणा आहेत का, हे मोबाइल खाली धरून फोटो काढून पाहावं. स्टेपनी नसेल तर पंक्चरचं किट आहे का आणि त्यातल्या सीलंटची मुदत संपलेली नाही ना, तेही बघावं.

पेंट मोजणारं यंत्र इथे फसवू शकतं. फक्त लोखंडावर चालणारं यंत्र अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर उपयोगाचं नाही. त्यासाठी दोन्ही धातूंवर चालणारं यंत्र लागतं आणि कार्बन फायबरवर तेही उपयोगी नसतं. तिथे नजर आणि उजेड हेच साधन.

शिवाय पहिल्या काही किलोमीटरचे नियम विचारून घ्यावेत. बीएमडब्ल्यूच्या एम गाड्यांना पहिल्या २,००० किलोमीटरनंतर खास तपासणी करून घ्यावी लागते आणि तोपर्यंत इंजिनवर पूर्ण जोर टाकायचा नसतो. डिलिव्हरीच्या आनंदात पहिल्याच रात्री एक्स्प्रेसवेवर गाडी पिळणं महागात पडू शकतं.

दोष सापडला तर काय करायचं?

तोंडी बोलून थांबू नये. दोषाचा फोटो आणि व्हिडिओ, सोबत चॅसिस नंबर असा ईमेल डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला त्याच दिवशी पाठवावा आणि 'याचं निराकरण होईपर्यंत रजिस्ट्रेशन करू नये' असं स्पष्ट लिहावं.

सगळे दोष सारखे नसतात. सैल क्लिप, विसरलेला मॅट, कमी हवा ही कामं तासाभरात होतात. पॉलिशने जाणारा हलका चरा स्वीकारायचा की नाही, हे ग्राहकाने ठरवावं. पण पुन्हा रंगवलेला पत्रा, पाणी शिरल्याच्या खुणा, न विझणारा इंजिन किंवा एअरबॅगचा दिवा किंवा चुकीचं उत्पादन वर्ष यापैकी काही असेल तर दुसरी गाडी मागावी. त्यासाठी महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल.

डीलर दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक आयोगात तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन करता येते. त्यासाठी कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत असते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटींपर्यंत राज्य आयोग आणि त्यापुढे राष्ट्रीय आयोग. म्हणजे २ कोटींहून महाग स्पोर्ट्स कारची तक्रार थेट दिल्लीत राष्ट्रीय आयोगाकडे जाते.

मग डिलिव्हरीच्या दिवशी काय पाहायचं?

पीडीआय नीट झालं असेल तर शेवटचा दिवस सोपा असतो. चॅसिस नंबर पुन्हा एकदा जुळवावा, ही तीच गाडी आहे ना याची खात्री करण्यासाठी. उच्च सुरक्षा नंबर प्लेट पुढे-मागे लागलेली असावी. १ एप्रिल २०१९ पासून ती नव्या गाडीसोबतच मिळायला हवी. फास्टॅग चिकटवलेला आणि सुरू असावा.

कागदांमध्ये बिल, फॉर्म २१, फॉर्म २२, टॅक्सची पावती, विमा पॉलिसी आणि वॉरंटीचे कागद घ्यावेत. विम्यात थर्ड पार्टी संरक्षण ३ वर्षांचं आहे का, नाव आणि चॅसिस नंबर बरोबर आहे का, ते वाचावं. विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नसते. किंमत १० लाखांपेक्षा जास्त असेल तर बिलात १ टक्का टीसीएस लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, म्हणून त्याची नोंद जपावी. बिलात 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' अशा नावाची रक्कम असेल तर ती नेमकी कशासाठी, हे विचारावं.

दोन्ही किल्ल्या, जॅक, टूलकिट, प्रथमोपचार पेटी आणि रिफ्लेक्टर त्रिकोण मोजून घ्यावेत. आधी कळवलेले दोष दुरुस्त झालेत का ते पाहावं आणि मगच 'गाडी सुस्थितीत मिळाली' या कागदावर सही करावी. काही बाकी असेल तर सहीच्या वरच ते हाताने लिहावं आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवावा.

तपासणीला साधारण दोन तास लागतात. सोबत गाड्यांची जाण असलेला मित्र किंवा ओळखीचा मेकॅनिक असेल तर उत्तम, पण नसला तरी दिवसाचा उजेड, मोबाइलचा कॅमेरा आणि ही यादी एवढ्यावर बरंच काम होतं. मात्र हे दोन तास पासिंगच्या आधीचे हवेत.